मुंबईचा उकाडा, डोंगरातला गारठा आणि आपले शरीर

मे महिन्यात नागपुरात पारा ४४ अंशांवर गेला की ती बातमी होते. त्याच दुपारी मुंबईत ३३ अंश असतात आणि त्यांची कोणी दखल घेत नाही. नुसत्या तापमानावरून उन्हाळ्याची तीव्रता ठरवण्याची ही सवय मुंबईत राहणाऱ्याने सोडून द्यावी, असे मला ठामपणे वाटते. शरीर थंड राहणार की नाही, हे हवेच्या तापमानाइतकेच हवेतील ओलाव्यावर अवलंबून असते आणि मुंबईच्या हवेत ओलावा बाराही महिने कमीअधिक असतोच. येथे उन्हाळा सांभाळायचा म्हणजे अंगावरचा घाम वाळू द्यायचा, आणि डोंगरात पावसाळी गारठ्यापासून जीव वाचवायचा म्हणजे अंगावरचे पाणी वाळण्याआधी पुसून टाकायचे. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

शरीर उष्णता बाहेर कशी टाकते

मेंदू, हृदय, यकृत अशा आतल्या अवयवांचे तापमान शरीर ३७ अंशांच्या आसपास राखते. नुसते बसून असलेल्या प्रौढ माणसाचे शरीरही सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करत असते, आणि ती अजिबात बाहेर पडली नाही तर तासाभरात शरीराचे तापमान एक अंशाहून अधिक वाढेल. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या किंवा हातगाडी ओढणाऱ्या माणसाच्या शरीरात याच्या चार-पाच पट उष्णता तयार होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग रक्ताच्या व त्वचेच्या तापमानावर सतत लक्ष ठेवतो आणि उष्णता वाढू लागली की दोन मार्गांनी काम सुरू करतो. पहिला मार्ग म्हणजे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद करणे. त्यामुळे आतले ऊन रक्त त्वचेपाशी येते आणि हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर ती उष्णता हवेत जाते. या कामासाठी हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते, म्हणून उकाड्यात काही न करताही छातीत धडधडते आणि ज्यांचे हृदय आधीच दुबळे आहे त्यांना उन्हाळ्यात धाप लागते.

उन्हात त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवाही ३३-३४ अंशांवर असेल, तर हा पहिला मार्ग जवळजवळ बंद झाला असे समजावे, कारण दोघांतला फरकच उरत नाही. मग उरतो तो घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने स्वस्थ बसलेल्या माणसाला तासाला दीडशे मिलिलिटर घाम वाळला तरी पुरतो, तर कष्टाचे काम करणाऱ्याला पाऊण लिटर घाम वाळावा लागतो. ‘वाळावा लागतो’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कपाळावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला काहीही थंडावा देत नाही. त्यात पाणी आणि मीठ मात्र वाया जाते. माठ पाझरतो आणि ते पाणी वाळते म्हणून आतले पाणी गार होते. तोच माठ जुलैच्या दमट दिवसांत बाहेरून ओला राहतो आणि पाणी मात्र कोमट असते. दमट हवेत आपल्या त्वचेचेही तसेच होते.

आता नागपूर आणि मुंबई यांची तुलना पुन्हा करून पाहू. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेपेक्षा ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत घाम वाळण्याचा जोर साधारण निम्मा असतो. तापमापकाच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की जे तापमान दिसते, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात; ते नागपूरच्या त्या दुपारी २३-२४ अंशांच्या घरात असेल आणि मुंबईत २८ अंशांच्या वर. हे तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत, पंख्याखाली, ओल्या अंगाने बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ गणिताने मांडतात. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, निरोगी स्वयंसेवकांचे शरीर त्याच्या बरेच खाली, ३१ अंशांच्या आसपासच हार मानू लागल्याचे दिसले आहे. नागपूरचे ऊन सौम्य आहे असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण तेथे हवाच शरीराला तापवते आणि पाणी झपाट्याने आटते. मात्र मुंबईचा ३३ हा आकडाही निर्धास्त राहण्याजोगा नाही. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश हा उंबरठा धरतो, आणि त्याबरोबर तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते.

दिवस कसा आखावा

हवामानाच्या अंदाजात कमाल तापमानाबरोबर आर्द्रताही पाहावी. घरात आर्द्रता दाखवणारा तापमापक टांगून ठेवणे फार खर्चाचे नाही आणि आजारी किंवा वृद्ध माणूस असलेल्या घरात तो असावाच. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे जमिनीवरील वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे दुपार उलटेपर्यंत पोहोचत नाहीत, अशा दिवशी मुंबईचे तापमान अचानक चढते. शरीराला अजून उन्हाची सवय झालेली नसते, म्हणून मार्चमधला असा दिवस मेमधल्या तितक्याच तापमानाच्या दिवसापेक्षा अधिक घातक समजावा.

ही सवय होणे म्हणजे मनाची समजूत नव्हे. तो शरीरात घडणारा खरा बदल आहे. रोज काही वेळ उष्ण हवेत हालचाल केली तर आठवडा ते दोन आठवड्यांत रक्तातील पाण्याचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. काही आठवडे थंड प्रदेशात किंवा पूर्ण वेळ एसीमध्ये काढले की हा लाभ ओसरतो. म्हणून बांधकामावर नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढीच भर घालत पाचव्या दिवशी त्याला पूर्ण कामावर आणावे. मुकादमांनी आणि ठेकेदारांनी हा नियम पाळला तर पहिल्याच आठवड्यात भोवळ येऊन पडणाऱ्या माणसांची संख्या नक्कीच घटेल. आजारपणातून उठलेल्या किंवा गावाहून बऱ्याच दिवसांनी परतलेल्या जुन्या कामगारालाही निम्म्या कामापासून सुरुवात करू द्यावी.

कष्टाचे काम सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर करावे, हे सर्वांना ठाऊक असते. पण हमाल, नाक्यावरचे मजूर, घरोघर पार्सल पोहोचवणारी मुले आणि चौकात उभे असलेले वाहतूक पोलीस यांना ही निवड नसते. त्यांच्यासाठी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे सावलीत, वाऱ्यात बसणे हाच उपाय उरतो, आणि तो वेळ देणे ही काम घेणाऱ्याची जबाबदारी आहे. इमारतीतील रहिवाशांनी पार्सल आणणाऱ्याला जिन्याखाली पंख्यात दोन मिनिटे बसू दिले आणि पाणी विचारले, तर त्याचीही फार मदत होते.

कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि सुती असावेत. अंगाला चिकटणाऱ्या जाड कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत त्वचेलगतची हवा कोंडते व घाम वाळत नाही. त्यातूनच घामोळेही येते. डोक्यावर टोपी किंवा ओला गमछा घ्यावा आणि छत्री केवळ पावसाची वस्तू मानू नये. गर्दीच्या लोकलमध्ये माणसाला माणूस चिकटलेला असताना वारा त्वचेपर्यंत पोहोचत नाही. तेथे जीव घाबरला तर स्थानक येताच उतरून फलाटावर बसावे, पुढची गाडी येतेच.

पाणी, मीठ आणि काही गैरसमज

उन्हात कष्ट करताना दर १५ ते २० मिनिटांनी साधारण एक पेला पाणी प्यावे आणि तहान लागण्याची वाट पाहू नये. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणीही पिऊ नये, कारण नुसते पाणी फार झाले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लघवीचा रंग ही सर्वांत सोपी खूण आहे: फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या अनेक स्त्रिया, विशेषतः मासळी आणि भाजी विकणाऱ्या, सफाई करणाऱ्या आणि बंदोबस्तावर उभ्या असलेल्या, जवळ स्वच्छ शौचालय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईतील उन्हाच्या त्रासाचे हे एक मोठे कारण आहे असे माझे मत आहे, आणि ते दूर करणे त्या स्त्रियांच्या हातात नाही. त्यांना सांगण्यासारखे इतकेच की, जेथे शौचालय आहे अशा ठिकाणी पोहोचण्याच्या तासभर आधी तरी पोटभर पाणी प्यावे, आणि घरी परतल्यावर एकदम न पिता संध्याकाळभर थोडे थोडे पीत राहावे.

घामाबरोबर मीठ जाते, ते साधारण जेवणातून भरून निघते. मीठ घातलेले ताक, कोकम सरबत, पन्हे ही पेये त्यासाठी उत्तम आहेत आणि ती बाटलीबंद थंड पेयांपेक्षा कितीतरी बरी. दिवसभर घाम गाळल्यावर पोटऱ्यांत पेटके येत असतील तर जलसंजीवनी घ्यावी. तिचे पाकीट संपूर्णपणे एक लिटर पाण्यात घालावे, थोडी पूड पेल्यात टाकून पिऊ नये, कारण त्याने प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवावा. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी मात्र मीठ-साखर वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही रक्तदाबाची औषधे, ॲलर्जीवरील काही औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे उष्णता सहन करण्याची शक्ती कमी करतात. ती मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा सुरू होण्याआधी त्याबद्दल एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावे. नेहमीचा चहा घेतल्याने शरीर कोरडे पडत नाही; दारूने मात्र पडते.

पत्र्याच्या घरातली रात्र

दिवसभर साठलेली उष्णता शरीर रात्री बाहेर टाकते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर ती संधीच मिळत नाही, आणि सलग काही उकाड्याच्या रात्री गेल्या की वृद्धांचा तोल ढासळतो. वयाबरोबर घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे आजी-आजोबा तक्रार करत नाहीत म्हणून ते ठीक आहेत असे समजू नये. ठरावीक वेळी त्यांच्या हातात पाण्याचा पेला द्यावा.

छताला बाहेरून चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिल्यास खोली काही अंशांनी थंड राहते. सूर्य पत्र्यावर येण्याआधी स्वयंपाक उरकावा आणि शिजवताना वाफ बाहेर जाईल अशी सोय ठेवावी. पाण्यावर चालणारा कूलर विदर्भात वरदान आहे, पण मुंबईच्या बंद खोलीत तो हवेतला ओलावा आणखी वाढवतो आणि घाम वाळणे अधिकच अवघड होते; तो घेण्यात पैसे घालवू नयेत. येथे खरा मित्र पंखा आहे, आणि पंख्याबरोबर ओली त्वचा. हात, पाय, मान व पाठ ओल्या फडक्याने पुसून ती कोरडी न करता पंख्याखाली बसावे, वाळले की पुन्हा पुसावे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली असेल तर मात्र पंखा अंगावर गरम वाराच सोडतो. अशा वेळी खोली सोडून जिन्यात, झाडाखाली किंवा एखाद्या थंड सार्वजनिक जागी जाऊन बसणे सुरक्षित.

उष्माघात झाला तर

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक तासन्‌तास उघड्यावर उन्हात बसले होते आणि त्यांपैकी दहाहून अधिक जणांना उष्माघाताने प्राण गमवावे लागले. मुंबईच्या परिसरातले ऊन माणसे मारू शकते याचा याहून मोठा पुरावा नको. म्हणून हा भाग प्रत्येकाने नीट वाचावा.

थकवा, मळमळ, डोकेदुखी, भोवळ, थंडगार ओलसर त्वचा, जलद नाडी अशी लक्षणे असतील पण माणूस नीट बोलत असेल, तर तो उष्णतेने थकला आहे. त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे वर ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि घोट घोट जलसंजीवनी द्यावी. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्यावे.

माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, अडखळत चालू लागला, आक्रमक झाला, त्याला झटके आले किंवा तो बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आतले तापमान बहुधा ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांची हानी सुरू झालेली असते. उष्माघातात त्वचा कोरडी असतेच असे नाही. धावताना किंवा कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते, त्यामुळे घाम आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. मेंदूचे काम बिघडले आहे की नाही, एवढेच पाहावे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत न बसता त्याच जागी शरीर थंड करायला सुरुवात करावी. आधी थंड करणे, मग नेणे, हाच क्रम आहे, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते आणि मुंबईच्या रस्त्यांवर अर्धा तास सहज जातो. बाहेरचे कपडे काढावेत. टब किंवा मोठे पिंप मिळाले तर माणसाला गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवावे आणि डोके सतत धरून ठेवावे. ते नसेल तर बादल्यांनी किंवा नळीने अंगावर पाणी ओतत राहावे आणि वर्तमानपत्राने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने जोरात वारा घालावा. मुंबईत बर्फ शोधायला लांब जावे लागत नाही. रसवंतीगृह, मासळी बाजार किंवा गोळेवाला जवळपास असतोच. बर्फ फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघा यांवर ठेवावा आणि बाकीचे अंग ओलेच ठेवावे. माणूस शुद्धीवर येऊन नीट उत्तरे देऊ लागेपर्यंत हे थांबवू नये.

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ठेवावे. पॅरासिटॅमॉल देऊ नये. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो, तेथे ते औषध चालते. उष्माघातात पातळी जागेवरच असते आणि शरीर ती राखण्यात हरलेले असते, म्हणून औषधाचा उपयोग होत नाही आणि यकृताला अपाय होऊ शकतो. कांदा फोडून नाकाला लावण्यात किंवा तळपायाला चोळण्यात हातातली मोलाची मिनिटे जातात.

गारठा: त्याच नियमाची दुसरी बाजू

मुंबई शहरात थंडीने शरीराची परीक्षा क्वचित होते. सांताक्रूझला १९६२च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण एरवी हिवाळ्यातली पहाट सुखाचीच असते. तरीही रक्तदाब असलेल्या वृद्धांनी जानेवारीत पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन आल्यावर जावे, कारण गारव्यात त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. घामाने भिजलेल्या सदऱ्यानिशी एसी लोकलमध्ये किंवा कार्यालयात शिरल्यावर जो गारठा झोंबतो, तो वाळणाऱ्या घामाचा असतो. पिशवीत एक कोरडा सदरा ठेवणे एवढा उपाय पुरेसा आहे.

खरा धोका मुंबईकरांना शहराबाहेर असतो आणि तो बर्फाइतकाच आपल्या सह्याद्रीतही आहे. जुलैमध्ये १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर किंवा हरिश्चंद्रगडावर पावसात भिजून, वाऱ्यात उभे राहिलेले शरीर १५-१८ अंशांतही धोकादायकरीत्या गार होऊ शकते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, आणि अंगावरचे ओले कपडे वाऱ्याने वाळू लागले की मुंबईत जे बाष्पीभवन आपल्याला तारते तेच तेथे शरीर लुटते. सुती टीशर्ट आणि जीन्स येथे सर्वांत वाईट, कारण ते पाणी धरून ठेवतात. लवकर वाळणारे कपडे घालावेत, वरून पाणी व वारा अडवणारे जॅकेट घ्यावे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड माथ्यावर पोहोचल्यावर घालण्यासाठी राखून ठेवावा. चढताना घाम फुटेल इतके कपडे अंगावर ठेवू नयेत, थांबताच मात्र ते चढवावेत.

थंडीत शरीर आधी त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडते, म्हणून बोटे पांढरी पडतात आणि लघवीला वारंवार लागते. मग हुडहुडी भरते, म्हणजे स्नायू आपोआप आकुंचन पावून उष्णता तयार करतात. ही वाढ स्वस्थ असतानाच्या पाच पटींपर्यंत जाऊ शकते, पण त्यासाठी पोटात अन्न लागते. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की बोलणे जड होते, बोटांना गाठ सुटत नाही, माणूस चिडतो किंवा गप्प होऊन मागे पडतो. गटातला कोणी असा वागू लागला तर त्याला थकवा समजून चिडवू नये, लगेच थांबावे. गारठा कायम असताना एखाद्याची हुडहुडी अचानक थांबली तर ते सुधारणेचे लक्षण नसून शरीराचे इंधन संपल्याचे लक्षण आहे.

त्याला वाऱ्यापासून आडोशाला, शक्यतो गुहेत किंवा गावातल्या घरात न्यावे. ओले कपडे काढून अंग पुसावे, कोरडे कपडे, टोपी आणि पांघरूण घालावे, आणि खाली जमिनीवर चटई किंवा पिशव्या अंथराव्यात, कारण ओली जमीनही उष्णता ओढते. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर कोमट गोड चहा, गूळ, चिक्की असे काही द्यावे. हातपाय जोरात चोळू नयेत आणि त्याला धसमुसळेपणाने हलवू नये, कारण गारठलेले हृदय अशा धक्क्याने ठोक्यांची लय गमावू शकते. गरम पाण्याची बाटली द्यायचीच असेल तर फडक्यात गुंडाळून छातीशी आणि काखेत द्यावी. दारू कधीही देऊ नये. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंद होतात, क्षणभर ऊब वाटते आणि उरलीसुरली उष्णता बाहेर जाते. लहान बाळांना हुडहुडी भरत नाही आणि वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, त्यामुळे तान्ह्या मुलाला पाठीवर घेऊन पावसाळी ट्रेकला जाऊ नये.